टेन्शनर बिघडलाय: नुसती पुली बदलायची की अख्खी असेंब्ली?

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि दोन मिनिटांत विरतो. गॅरेजमध्ये अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो फॅन बेल्ट बदलण्याचा. माझ्या जुन्या गाडीला मी तसंच केलं, आणि महिनाभरात आवाज परत आला. दोष टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाच्या, सैल पडलेल्या स्प्रिंगमध्ये होता आणि नवा बेल्ट त्याच टेन्शनरवर चढला होता. म्हणून काय बदलायचं हे नेमकं काय बिघडलंय यावरून ठरवा, आवाजावरून नको.

सुरुवातीलाच एक खात्री करून घ्या. हे सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल आहे, म्हणजे अल्टरनेटर, एसी आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप व पॉवर स्टीअरिंग फिरवणाऱ्या बेल्टबद्दल. कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट वेगळा. त्याच्या टेन्शनरवर शंका असेल तर इंजिन चालूच करू नका. तो बेल्ट घसरला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरमध्ये तीन गोष्टी असतात: बेअरिंगवर फिरणारी पुली, बेल्ट ओढून धरणारी स्प्रिंग आणि हाताचे (म्हणजे पुली ज्यावर बसते त्या दांड्याचे) हेलकावे रोखणारा डॅम्पर. पुली बहुतेक वेळा वेगळी मिळते. स्प्रिंग आणि डॅम्पर मात्र असेंब्लीबरोबरच, म्हणजे अख्ख्या टेन्शनरबरोबरच येतात.

तपासताना आधी इंजिन आयडलवर ठेवून लांबूनच बघा. टेन्शनरचा हात किंचित थरथरला तर ते चालतं. डोळ्यांना सहज दिसेल इतका मागे-पुढे नाचत असेल तर डॅम्पर संपलाय, किंवा दोष भलतीकडेच आहे (त्यावर पुढे बोलू). मग इंजिन बंद करा, किल्ली काढा, बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो घ्या आणि बेल्ट उतरवा. टेन्शनरची पुली हाताने फिरवा. खरखर लागली, डगडग जाणवली किंवा ती अगदी मोकळी, कोरडी भिरभिरत राहिली, तर बेअरिंग गेलंय. त्यातलं ग्रीस संपलेलं असतं. आता पान्याने टेन्शनरचा हात पूर्ण टोकापर्यंत ओढून हळूच सोडा. जोर सारखा लागायला हवा. मध्येच अडकला, झटका बसला किंवा जोरच लागला नाही, तर पुली बदलून उपयोग नाही.

बऱ्याच टेन्शनरवर एक काटा आणि दोन खुणा असतात. बेल्ट चढलेला असताना काटा खुणांच्या बाहेर असेल तर बेल्ट ताणला गेलाय किंवा चुकीच्या लांबीचा बसवलाय. फक्त बेल्ट बदलणं पुरेसं ठरतं ते अशाच वेळी, तेही पुली आणि हात चाचणीत पास झाले तर. बेल्टला भेगा नाहीत म्हणून तो चांगला असं समजू नका. नव्या प्रकारच्या रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, त्यांच्या खाचा झिजून खोल होतात.

आता खरी निवड. बेअरिंगच खराब असेल आणि टेन्शनरचा हात चाचणीत पास झाला असेल तर मी बिनधास्त नुसती पुली बदलेन. एक बोल्ट काढायचा, पुली बसवायची आणि ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळायची. काही गाड्यांत या बोल्टला उलटे आटे असतात. बोल्ट हलत नसेल तर जोर लावण्याआधी दिशा तपासा, नाहीतर तो तुटून आत राहतो आणि स्वस्तातलं काम महागात पडतं. गाडी इतकी जुनी असेल की पुलीही मिळत नाही, तर लोखंडी पुलीतलं बेअरिंग बदलता येतं. अनेक पुलींत ६२०३ नंबरचं असतं: आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या आणि बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. प्लॅस्टिकच्या पुलीत बेअरिंग साच्यातच बसवलेलं असेल तर ठोकाठोकी करू नका.

टेन्शनरचा हात डगडगत असेल, बेल्ट पुलीच्या मधोमध न चालता कडेला सरकत असेल किंवा स्प्रिंग सैल असेल, तर पूर्ण असेंब्लीच घ्या. मेहनत जास्त पडते. आडव्या इंजिनात जागा इतकी अरुंद असते की कधीकधी इंजिनाला आधार देऊन एक माउंटिंग सोडावं लागतं. इतकं उघडलंच आहे तर आयडलर पुली (बेल्टला फक्त वाट दाखवणारी पुली) आणि बेल्टही त्याच वेळी बदला. त्यांचंही तेवढंच वय झालेलं असतं. भंगारातल्या गाडीची असेंब्ली घेणं मला पटत नाही. वरून ती स्वच्छ दिसते, पण तिची स्प्रिंगही तितकीच थकलेली असते.

आधी म्हटलेली भलती जागा म्हणजे अल्टरनेटरची पुली. काही गाड्यांत ती एकाच दिशेला रोटर (अल्टरनेटरचा आतला फिरणारा भाग) फिरवते आणि उलट दिशेला मोकळी सुटते. ती जाम झाली की प्रत्येक झटका टेन्शनरवर येतो आणि नवी असेंब्लीही लवकर मरते. बेल्ट काढलेलाच आहे, तर रोटर धरून ही पुली दोन्ही दिशांना फिरवून बघा. दोन्हीकडे अडकली किंवा दोन्हीकडे मोकळी फिरली, तर आधी ती बदला. बेल्टवर तेल दिसत असेल तर गळतीही आधीच थांबवायला हवी. आवाज घालवण्यासाठी बेल्टवर स्प्रे मारू नका. त्याने बिघाड फक्त झाकला जातो.

तोवर गाडी चालवावी का? नुसता आवाज असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत जा. बॅटरीचा दिवा लागला, स्टीअरिंग एकदम जड झालं किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर बाजूला घेऊन थांबा. बेल्टवर चालणारा वॉटर पंप थांबला की इंजिन तापायला फार वेळ लागत नाही.

काम झाल्यावर बेल्ट प्रत्येक खाचेत नीट बसलाय ना हे हाताने चाचपून बघा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, इंजिन बंद करा आणि टेन्शनरचा काटा खुणांच्या आत आहे ना ते पुन्हा एकदा तपासा.