बीबीसीचा 'द इंग्लिश वी स्पीक': दिवाळीपासून ऐकतेय, त्याचा अनुभव

बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघते. शाळा खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाची. इन्व्हॉइस, ड्रॉइंग, मेल यांत माझं इंग्रजी कधी अडलं नाही. अडायचं ते कॉलवर, समोरचा मनातलं बोलायला लागला की. हॅपी, सॅड, अँग्री एवढ्यावर तिथं भागत नाही. म्हणून गेल्या दिवाळीपासून बीबीसी लर्निंग इंग्लिशचा हा कार्यक्रम ऐकायला घेतला.

एक भाग तीनेक मिनिटांचा, त्यात बोलीतला एकच शब्दप्रयोग. निवेदक गप्पा मारतात, मध्ये उदाहरणाची वाक्यं येतात. फुकट आहे, आणि ऑडिओ उतरवून ठेवता येतो. जांबोटीच्या बाजूला गेलं की रेंजचा भरवसा नाही, त्यामुळं आमच्यासाठी ही सोय मोठी.

अशा ऐकण्यानं बरेच प्रयोग ओळखीचे झाले. हातातोंडाशी आलेलं गेलं तर 'आय वॉज गटेड'. मनापासून आनंद झाला तर 'चफ्ड'. वैताग आला तर 'फेड अप', आणि त्याच्यापुढं 'विथ' येतं. दमून जीव गेला तर 'नॅकर्ड', पण तो मित्रमैत्रिणींत, साहेबांसमोर नको. पुस्तकातल्या यादीत अर्थ मिळतो. कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणतंय ते इथंच कळतं, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे.

मार्चमधली गोष्ट. माल लावायला उशीर झालेला. इंग्लंडचं गिऱ्हाईक कॉलवर अगदी शांतपणे म्हणालं, 'टू बी ऑनेस्ट, वी आर अ बिट डिसअपॉइंटेड.' शेजारचा सहकारी म्हणाला, "बिट म्हणालाय की, म्हणजे थोडंच." मी लगेच साहेबांना सांगितलं, "साहेब, ते चांगलेच नाराज आहेत. तयार आहे तेवढा माल तरी आज लावूया." लावला, आणि ऑर्डर टिकली. ब्रिटिश लोक पुष्कळदा 'अ बिट' म्हणून मोठी नाराजी सौम्य करून सांगतात. हे मला कुठल्या एका भागात मिळालं नाही, त्यांचं बोलणं रोज कानावर पडून पडून कळलं.

आधी नुसतं ऐका, मग ट्रान्सक्रिप्ट उघडा. ते शब्दशः नसतं, तसं त्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं. छापलेलं आणि बोललेलं कुठं वेगळं पडतं ते शोधण्यात कान तयार होतो.

उणीव म्हणाल तर आपलं बोलणं तपासायला कुणी नाही. मी रात्री धाकट्या बहिणीशी बोलते, पण चुकलं तर दोघींनाही कळत नाही. संवादांत नाटकीपणाही जरा जास्त आहे. आणि वळण ब्रिटिश. बेंगळुरूला अमेरिकन गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्यांनी सोबत अमेरिकन मुलाखतीही ऐकाव्यात. 'चफ्ड' किंवा 'गटेड' तिकडं फारसं कुणी म्हणत नाही, 'स्टोक्ड' आणि 'बम्ड आउट' चालतं.