२२०० रुपयांची 'सिरॅमिक' कुंडी आणि माझा कुजलेला मॉन्स्टेरा

बाकी कोणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून लिहितेय, माझे तर गेलेच. जूनमध्ये पुण्याबाहेर सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीत गेले होते, नाव लिहीत नाही. मॉन्स्टेरा घेतला ४५० चा, ६ इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत छान चार पानं फुटलेला. एवढंच घेऊन निघायला हवं होतं पण नर्सरीवाला म्हणाला ताई हे झाड खूप मोठं होतं, याला आत्ताच मोठं घर द्या म्हणजे परत परत बदलायला नको, आणि समोर ठेवली १४ इंची पांढरी चकचकीत कुंडी. इंपोर्टेड सिरॅमिक म्हणे, २२००. मी विचारलं दादा खाली भोक नाही हो हिला, तर म्हणे घरातल्या कुंडीला भोक नसतंच, फरशी खराब होते, तळाला दोन इंच खडी टाका पाणी तिथे उतरतं. इतक्या ठामपणे बोलला की मला माझाच प्रश्न येडपट वाटला.

खडीचं हे गणित साफ चुकीचं आहे, हे मला नंतर कळलं. भांडी घासायचा स्पंज ओला करून जाळीवर ठेवा, पाणी आपोआप सगळं गळून जातं का? नाही, खालचा भाग चिंबच राहतो. मातीचं तसंच, ती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही, म्हणजे खडी टाकून आपण फक्त चिखल दोन इंच वर, मुळांच्या जवळ आणतो. त्यात कुंडी १४ इंची आणि मुळं ६ इंचाची, मग बाकीच्या मातीतलं पाणी पिणार कोण? ८ इंची पुरली असती, आधीच्यापेक्षा एक-दोन इंच मोठी बास. हे झाड मूळचं मेक्सिको-पनामाकडच्या जंगलातलं, दुसऱ्या झाडांवर चढणारं, हवेत मुळं सोडणारं, त्याला ओल आवडते पण पाण्यात उभं राहणं नाही.

त्यात पावसाळा, हवा दमट, माती वाळेचना. गणपतीपर्यंत खालची पानं पिवळी, देठ मऊ, आणि मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून मी अजून घातलं (हसू नका). शेवटी उपटलं तर मुळं काळी, हात लावला की साल निघतेय आणि वास तर गटाराचा.

खरा धक्का पुढेच. नवरा म्हणाला आपण भोक पाडू, ड्रिल लावलं तर करड्या रंगाची भुकटी! सिरॅमिक कसलं, सिमेंटची कुंडी, वरून ऑइल पेंट मारलेला. बाहेरून रंगाला फोड आणि पांढरे क्षार आलेले ते मी आधी बघूनही सोडून दिले होते. परत गेले तर साहेब म्हणाले मी सिरॅमिक म्हणालोच नाही, सिरॅमिक फिनिश म्हणालो. बिल बघितलं, कोऱ्या कागदावर नुसतं 'कुंडी १'. झालं, आता भांडणार कशावर?

तर घेताना कुंडी उलटी करून तळ बघा. खऱ्या सिरॅमिकला बुडाशी बिनचकाकीची कड असते, तिथे भाजलेली माती दिसते, आणि चकाकी किल्लीने सहज खरवडत नाही, पेंट लगेच निघतो. मातीच्या कुंडीतही हाच प्रकार चालतो, सिमेंटला गेरू फासून विकतात, तळाशी जरा खरवडलं की करडं दिसतं, भाजलेली असेल तर आतूनही लालच. सिमेंट वाईट असतं असं नाही, भोक असेल आणि आधी थोडे दिवस पाण्यात भिजवून चुना काढला तर चालतं, पण मग सिमेंटच्या भावात द्या ना! भोक नसलेली आवडलीच तर झाड प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा. आणि बिलावर 'सिरॅमिक' शब्द लिहूनच घ्या, कां कूं केली की समजा.

वरचा एक तुकडा पेर आणि हवेतल्या मुळासकट कापून बाटलीत ठेवला होता, त्याला पांढरी मुळं फुटलीत. कुंडी दाराशी आहे, आम्ही त्यात छत्र्या ठेवतो. भोक अर्धवटच पडलं होतं त्यामुळे पाणी फरशीवर येत नाही, तेवढं मात्र तो खरं बोलला होता.