फुकटची जेन ऑस्टिन झकास, पण आपल्या काशीबाईंचं काय?

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भिशीच्या बायकांना सध्या एक नवीन खूळ लागलंय, जुन्या इंग्लिश लेखिकांच्या कादंबऱ्या मोबाईलवर उतरवून वाचायच्या, त्या पण पूर्ण फुकट आणि कायद्यात बसून. ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारतंच, कुठली फाइल घेऊ, हे पैसे मागतंय काय करू, किंडलला जात नाही वगैरे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, परत परत टाइप करायचा कंटाळा आलाय.

पहिलं नाव अर्थातच प्रोजेक्ट गुटेनबर्ग, फुकट पुस्तकांची साइट. १९७१ साली मायकल हार्ट नावाच्या माणसानं इलिनॉय विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून टाकला, तिथून हे सुरू झालं आणि आता पंच्याहत्तर हजाराच्या वर पुस्तकं झालीत. लॉगिन नाही, ओटीपी नाही, मोबाईल नंबर द्यायचा नाही, नाव शोधायचं, ईपब (म्हणजे ई-पुस्तकाची फाइल) दाबायचं, संपला विषय. साइट दिसायला अगदी तहसीलच्या नोटीस बोर्डासारखी, पण आतला माल पक्का. ऑस्टिन, तिन्ही ब्राँटे बहिणी, जॉर्ज इलियट, एलिझाबेथ गॅस्केल, मेरी शेली, लुइसा मे ऑल्कॉट, सगळ्या एका ठिकाणी. यातली बरीच पुस्तकं डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सच्या स्वयंसेवकांनी पानन् पान स्कॅनशी ताडून बघितलेली असतात, त्यामुळे चुका फार कमी सापडतात. आणि हां, ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घेताना बघून घ्या, तिथली मुख्य प्रत १८९४ च्या आवृत्तीवरची आहे, ह्यू थॉमसनची चित्रं असलेली. चित्रं लई गोड आहेत पण फाइल जड होते, फोनमध्ये जागा नसेल तर बिनचित्रांची घ्या.

पण माझं मत विचाराल तर वाचायला स्टँडर्ड ईबुक्स या दुसऱ्या साइटचीच प्रत घ्यायची. ही लोकं बहुतेक वेळा गुटेनबर्गचाच मजकूर उचलतात आणि मग त्याच्यावर मेहनत करतात, अवतरणचिन्हं नीट, प्रकरणांची यादी नीट, टिपांवर बोट ठेवलं की टीप उघडते आणि परत मूळ जागी येता येतं, आणि कव्हरला कुठलं तरी जुनं तैलचित्र. जुनं स्पेलिंगही थोडं आजच्या वळणाचं करतात, ते काही लोकांना खटकतं, मला नाही खटकत. पुस्तकं गुटेनबर्गच्या मानानं खूपच कमी, पण नावाजलेल्या लेखिका बहुतेक आहेत. आमच्या शेजारच्या काकू, हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, आधी म्हणायच्या पडद्यावर वाचणं म्हणजे डोळ्याची माती. आता म्हणतात, "अगं, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करून वाचतो की मी, चष्मा बी लागंना, आणि शब्द अडला की त्याच्यावर बोट दाबून धरतो, अर्थ येतोय न्हवं, बास की मग." काकूंनी 'जेन एअर' असंच संपवलं, आणि आता गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'वर आहेत. ती कादंबरी १८५४-५५ ची, कापडगिरणी, मालक, संप, मजुरांची उपासमार, आणि मधे एक पोरगी जी दोन्ही बाजूंना तोंडावर बोलते. शाहू मिलच्या भोंग्याच्या आठवणी असलेल्या घरात हे पुस्तक जेवढं लागू पडतं तेवढं ऑस्टिनचे बॉलडान्स पडत नाहीत, हे माझं प्रामाणिक मत, ऑस्टिनच्या भक्तांनी रागवू नये.

तिसरी साइट फार कमी लोकांना माहीत आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जागेवरची 'अ सेलिब्रेशन ऑफ विमेन रायटर्स'. फक्त लेखिकांसाठी. दिसायला एकदम जुन्या काळातली, नुसत्या निळ्या लिंका, पण देशाप्रमाणे लेखिका शोधता येतात आणि तिथं मला रुकैया सखावत हुसेनचं 'सुलतानाज ड्रीम' मिळालं. १९०५ चं लिखाण, बंगाली बाई, इंग्रजीत लिहिलेलं, पुरुष सगळे घरात मर्दान्यात कोंडलेले आणि बाहेर बायका सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतायत, हवेतल्या गाडीतून फिरतायत! कादंबरी नाही, गोष्टच आहे, एका बसण्यात होते. भिशीत मोठ्यानं वाचली तेव्हा निम्म्या बायका हसून लोळल्या आणि एकजण म्हणाली, आमच्या ह्यांना पाठव. विषय हार्ड.

ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्स, तेही फुकट, स्वयंसेवक वाचतात. एकाच पुस्तकाची तीनचार वाचनं असतात, त्यातलं 'सोलो' लिहिलेलं निवडा, नाहीतर दर प्रकरणाला नवा आवाज नवा उच्चार आणि एलिझाबेथ कोण नि जेन कोण कळत नाही.

आता पैशाचं. ऑनलाइन दुकानांत हीच पुस्तकं पन्नास-शंभर रुपयांना लावलेली असतात आणि बऱ्याचदा आतला मजकूर हाच फुकटचा, वरून कव्हरला कुठल्यातरी आजच्या मॉडेलचा फोटो. चांगली प्रस्तावना, टिपा असतील तर द्या ना पैसे, संपादकाची मेहनत असते, पण नुसता मजकूर विकत घेऊ नका. एका ॲपनं तर मला दर प्रकरणाला जाहिरात दाखवली, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला मिस्टर डार्सी लग्नाची मागणी घालतोय आणि मधेच रमीची जाहिरात, काढून टाकलं लगेच. वाचायला रीडएरा हे ॲप घ्या, जाहिराती नाहीत. किंडलवाल्यांनी ईपब फाइल सेंड टू किंडलनं पाठवायची, चालते.

कायद्याचं एक लक्षात ठेवा कारण ग्रुपवर वाद झाला होता. गुटेनबर्ग अमेरिकेच्या नियमानं चालतं, आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो. व्हर्जिनिया वुल्फ १९४१ ला गेली, म्हणजे आपल्याकडं केव्हाच मोकळी. पण अगाथा ख्रिस्ती १९७६ ला गेली, तिची सुरुवातीची पुस्तकं गुटेनबर्गवर दिसतात पण भारतात ती २०३६ संपेपर्यंत मोकळी नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी नवीन मराठी कादंबऱ्यांची पीडीएफ म्हणजे सरळ चोरी आहे, ती मला पाठवू नका.

आणि आता जे खरं बोलायचंय ते. हीच हौस मराठीत करायला गेलं की डोकं धरायची वेळ येते. काशीबाई कानिटकर, जन्म १८६१, आष्ट्याचा, म्हणजे आपल्यापासून तासाभराच्या वाटेवरचा. शाळा न बघता घरीच शिकल्या, 'रंगराव' कादंबरी लिहिली, १९०३ ला पुस्तक आलं, पुढे 'पालखीचा गोंडा' लिहिली. १९४८ ला गेल्या, म्हणजे २००९ पासून त्यांचं सगळं लिखाण कायद्यानं मोकळं आहे. त्यांच्याही आधी, १८७३ ला, साळूबाई तांबवेकरांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' आलेली. मग मला सांगा, कोल्हापुरात बसून पावणेदोनशे वर्षांपूर्वीची यॉर्कशायरची पाद्र्याची पोरगी, 'जेन एअर'वाली शार्लट ब्राँटे, अर्ध्या मिनिटात उतरते, अक्षर मोठं करून वाचता येतं, आणि आष्ट्याच्या बाईचं पुस्तक तसं का मिळू नये? गुटेनबर्गवर मराठीसाठी जाऊच नका, वेळ फुकट. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जुने मराठी स्कॅन खूप आहेत, पण नावं रोमन लिपीत कशीही टाकलेली, एकच नाव चार स्पेलिंगनं शोधायचं, आणि मिळालं की पिवळी वाकडी पानं, अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर, डावीकडून उजवीकडे पान ओढत ओढत वाचायचं. काकूंनी दोन पानांत फोन खाली ठेवला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या फुकट पीडीएफ स्वच्छ आहेत, पण तिथं कादंबऱ्या शोधायला जाऊ नका, माल वेगळा आहे. विभावरी शिरूरकरांसाठी तर थांबायलाच लागणार, त्या २००१ ला गेल्या, म्हणजे २०६१ संपेपर्यंत विकतच घ्या किंवा लायब्ररीतून आणा.

तेव्हा मराठी लेखिका वाचायच्या तर आजही करवीर नगर वाचन मंदिराचं कार्ड काढा, १८५० पासूनची लायब्ररी आहे आपल्या गावात, फोनपेक्षा तिथं जास्त हाताला लागेल. आणि ज्या पोरीपोरांचा हात मराठी टायपिंगला बसलाय त्यांनी मराठी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या फुकट साइटवर एकदा डोकवा, तिथं स्कॅन शेजारी ठेवून पान पान टाइप करून तपासता येतं, खातं उघडायलाही काही लागत नाही. आमच्या भिशीतल्या दोघीतिघी बसतो म्हणाल्यात, बघू किती दिवस बसतात ते.

गुण द्यायचे तर इंग्लिशसाठी पाचपैकी साडेचार, मराठीसाठी दीड, तोही अर्धा स्कॅन करणाऱ्यांच्या कष्टासाठी. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी 'जेन एअर'पासून करा, मग गॅस्केल, मग ऑस्टिनचं 'पर्स्वेजन', ते छोटं आहे. 'मिडलमार्च'ला मात्र सणासुदीच्या तोंडावर हात लावू नका, ते लई मोठं आहे, फराळ आणि इलियट एका वेळी व्हायचं नाही.