दंड भरून मोकळं व्हायचं, की प्रोबेशन मागायचं?

पोरगा पहिल्यांदाच दोषी ठरला की नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात घरचे एकच विचारतात, "वकीलसाहेब, दंड किती? आजच भरतो." भाच्याच्या मारामारीच्या केसमध्ये मीही तेच विचारलं होतं. तेव्हा तो 20 वर्षांचा होता.

दंड भरला की त्याच दिवशी घरी जाता येतं. पण शिक्षेची नोंद राहते आणि संध्याकाळी पोरगा पुन्हा त्याच चौकात, त्याच टोळक्यात. कैद झाली तर वर्धा रोडच्या कारागृहात चार महिन्यांतच हातचं काम जातं आणि नको त्या ओळखी होतात.

1958 च्या परिविक्षा म्हणजेच प्रोबेशनच्या कायद्यात तिसरी वाट आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली तर ती किमान 1 वर्षाची. वय 21 च्या आत असेल तर अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात.

आमच्याकडे परिविक्षा अधिकारी मॅडम आल्या तेव्हा ताईचा चहा ओट्यावर तसाच निवला. पोरगा किती वाजता उठतो, पैसे कुणाकडे देतो, रात्री कुणाचे फोन येतात, सगळं विचारलं. मग गॅरेजच्या मालकाला भेटल्या. बंधपत्रावर जामीनदार म्हणून सही मी केली. पुढे वर्षभर ठरल्या तारखेला हजेरी, त्या दिवसाची रोजी बुडायची. पण "तारखेला काय सांगशील?" एवढं म्हटलं की तो रात्री घरी थांबायचा. दंडाच्या पावतीने हे झालं नसतं.

यातला धोकाही ओळखा. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही, पण दोष पुसला जात नाही. आधीच सरकारी नोकरीत असलेल्यावर खात्याची कारवाई होऊ शकते. भरतीच्या फॉर्मवर लपवू नका.

जुलै 2024 पासून समाजसेवेची शिक्षाही आली आहे. 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर ती होते. किरकोळ चुकीला ती पुरे. संगत बिघडलेल्या पोराला मात्र मी देखरेखच मागेन.

गुन्हा केलाच नसेल तर केस लढा. प्रोबेशन दोषी ठरल्यावरच मिळतं. ते मागायचं असेल तर शिक्षा सुनावण्याआधी वकिलांना अर्ज द्यायला सांगा. सोबत मालकाचं पत्र आणि राहत्या घराचा पुरावा ठेवा.