एक्सेलचा स्टॉक चार्ट: कँडल झकास, पण कॉलमचा हट्ट फार

अॅपवर फुकटात कँडल (शेअरचे दिवसभरातले भाव दाखवणारी मेणबत्तीसारखी खूण) दिसतात तर एक्सेलमधे कशाला काढत बसतोस, हे नौपाड्यातले आमचे मामा मला नेहमी ऐकवतात आणि वर प्रिंटही मागतात. मला चार्ट माझ्याच फाइलमधे, खरेदीच्या नोंदींच्या शेजारी हवा असतो, म्हणून. एकाच दिवसात घेऊन विकणाऱ्या इंट्राडेवाल्यांनी इथेच थांबा, तुमच्या कामाचं नाही हे.

इन्सर्टमधे स्टॉक चार्टचे चार प्रकार आहेत, त्यातला ओपन-हाय-लो-क्लोज कामाचा, म्हणजे दिवसाचा सुरुवातीचा, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि बंद होतानाचा भाव. डावीकडे तारीख आणि पुढे कॉलम अगदी ह्याच क्रमाने. कॉलम कमीजास्त असले तर एक्सेल निदान सांगतं की बाबा असे लाव, पण चार आहेत आणि क्रम चुकलाय तर गपचूप काहीतरी काढून देतं आणि ते दिसतंही अगदी खरं, हे जास्त वाईट. एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या) साइटवरची जुन्या भावांची सीएसव्ही फाइल घेतलीत तर लो कॉलमच्या पुढे आधी प्रीव्हियस क्लोज (आदल्या दिवसाचा), मग एलटीपी (शेवटच्या सौद्याचा भाव) आणि मग कुठे खरा क्लोज येतो, मधले दोन उडवा.

खरी कटकट तारखांची. एक्सेल कॅलेंडर धरून चालतं त्यामुळे पाच कँडल झाल्या की शनिवार-रविवारची फट, दिवाळीत तर विचारूच नका. उपाय सोपा आहे, खालच्या अॅक्सिसवर राइट क्लिक, फॉरमॅट अॅक्सिस, तिथे टेक्स्ट अॅक्सिस करा की फटी गायब. काही जण शनिवार-रविवार फिल्टरच करून टाकतात, ते नको, कारण १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असून बजेटसाठी बाजार चालू होता आणि २०२३ चं मुहूर्त ट्रेडिंग तर रविवारी झालं. फक्त टेक्स्ट अॅक्सिस केल्यावर एक्सेल तारखा स्वतः लावून घेत नाही, एनएसईची फाइल नव्या तारखेपासून सुरू होते म्हणजे चार्ट उलटा येणार, आधी सॉर्ट करा.

व्हॉल्यूमवाल्या प्रकारात व्हॉल्यूमचा (किती शेअर्सची उलाढाल झाली त्याचा) कॉलम सगळ्यात आधी लागतो आणि त्याचे खांब कँडलवर चढतात, तेव्हा डाव्या अॅक्सिसचा मॅक्सिमम तिप्पट-चौपट करा, खांब खाली बसतात.

रंग मी बदलत नाही. वाढली तर पांढरी, पडली तर काळी, हे मुळातलंच बरंय. सगळे हिरवा-लाल करतात, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साधी प्रिंट काढली की दोन्ही सारखेच राखाडी येतात आणि मामा चष्मा वरखाली करत विचारतात, अरे ही चढली का पडली?

गूगल शीट्समधे गूगलफायनान्स फंक्शनला एनएसईचा सिम्बॉल दिला की भाव आपोआप येतात, ते फार सोयीचं. पण तिथल्या कँडलला क्रम लागतो लो, ओपन, क्लोज, हाय, आणि वाढलेली कँडल भरीव, पडलेली पोकळ, म्हणजे एक्सेलच्या बरोब्बर उलट. ती प्रिंट मामांच्या हातात दिली तर तेजीत माल विकून मोकळे होतील. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर स्टॉकहिस्टरी फंक्शन आहे, त्यात कॉलम आपल्याला हव्या त्या क्रमाने मागवता येतात, म्हणजे वरची निम्मी उठाठेव वाचते.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. लायसन्सवर पैसे घालायचे नसतील तर लिब्रे ऑफिसचं कॅल्क फुकट आहे, त्यातही हे सगळं होतं, फक्त तिथला क्रम ओपन-लो-हाय-क्लोज असतो, तेव्हा एक्सेलसाठी लावलेली शीट वापरणार असाल तर डेटा सीरिजच्या खिडकीत हाय आणि लो कुठल्या कॉलमवर गेलेत ते बघून घ्या.