विस्तारणाऱ्या रुग्णालयाशेजारी घर: दर्शनी बाजू की मागची बाजू?

एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा विस्तार होणार असे ठरले की, त्याच्या शेजारी घर घ्यावे की नाही याची चर्चा बहुधा ‘जवळ की लांब’ एवढ्यावरच थांबते. माझ्या अनुभवाने खरा प्रश्न बाजूचा आहे. रुग्णालयाला एक दर्शनी बाजू असते आणि एक मागची, आणि विस्तारानंतर या दोन बाजूंना दोन अगदी निराळ्या वस्त्या तयार होतात. मी मागच्या बाजूला चार वर्षे भाड्याने राहिलो, तिथून उठून दर्शनी बाजूच्या गल्लीत घर घेतले आणि त्यालाही आता सहा वर्षे झाली. औषधे हाताशी असणे, भाडेकरू सहज मिळणे हे फायदे दोन्हीकडे सारखेच असल्याने त्यांत शिरत नाही.

दर्शनी बाजूचा बदल डोळ्यांना लगेच दिसतो. तळमजले एकेक करून औषधविक्रेत्यांकडे, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांकडे आणि चाकांच्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांकडे जातात, तर वरच्या मजल्यांवर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दिवसाच्या भाड्याच्या खोल्या निघतात. आमच्या गल्लीत चौदा घरे आहेत आणि त्यांपैकी पाचांतच आता कुटुंबे राहतात. बाकीची मंडळी चांगला भाव मिळाला म्हणून गेली. त्यांना दोष देता येत नाही, पण सणासुदीला किंवा अडीअडचणीला हाक मारावी अशी दारे कमी झाली, ही खंत माझ्या मनात आहे. फाटकासमोर गाडी लावून निघून जाणारे लोक, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची कोंडी, पाळी बदलताना होणारी गर्दी आणि रुग्णवाहिकेचा भोंगा, हे सगळे खरे आहे आणि ज्याला शांत सकाळ हवी आहे त्याने ते गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

मागची बाजू मी निवडली होती ती याच कारणांमुळे. विस्ताराआधी तिथे परिचारिकांचे वसतिगृह, जुना धोबीखाना आणि भिंतीलगतची झाडे होती. घर प्रशस्त होते, खिडकीतून आकाश दिसायचे आणि गाडी लावायला जागेची ददात नव्हती. पुढे नवी इमारत उभी राहिली आणि रुग्णांच्या नजरेआड ठेवायचे म्हणून जे जे असते ते सगळे आमच्या दिशेला आले: ऑक्सिजनची टाकी, जनरेटर, वातानुकूलनाचे चिलर म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रे, कचऱ्याची खोली, शवागाराचे दार. आराखडा करणाऱ्यांची यात चूक नाही, कारण रुग्णालयाला या गोष्टी कुठेतरी ठेवाव्याच लागतात आणि मुख्य रस्त्यावर त्या कोणीच ठेवत नाही.

यांतल्या बऱ्याच गोष्टींची सवय होते. द्रवरूप ऑक्सिजनचा टँकर पहाटे रस्ते मोकळे असताना यायचा. नळी जोडली की मोठा फुसकारा सुरू व्हायचा आणि पांढरे धुके भिंतीच्या पायथ्याने सरपटत आमच्या फाटकापर्यंत यायचे. आत उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रव असल्याने भोवतालच्या हवेतले बाष्प गोठते, म्हणून ते धुके दिसते, हे मला पुढे कळले. तो आवाज मोठा होता, पण काही वेळाने संपायचा. जनरेटरच्या चाचणीचेही तसेच आहे. अमेरिकेतील एनएफपीए ११० या मानकानुसार आपत्कालीन जनरेटर महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे विजेचा भार देऊन चालवून पाहतात. ज्या आवाजाला सुरुवात आणि शेवट आहे, त्याच्याशी जुळवून घेता येते, असे मला वाटते.

माझे घर सुटले ते चिलरच्या आणि पंख्यांच्या घुमण्यामुळे. कार्यालयाची इमारत संध्याकाळी बंद होते, पण रुग्णालयाची हवा थांबवता येत नाही. अमेरिकेच्या ॲशरे १७० या मानकात शस्त्रक्रियागृहाची हवा तासाला २० वेळा बदलावी आणि त्यांतले किमान ४ बदल बाहेरच्या ताज्या हवेचे असावेत, असे सांगितले आहे. एवढी हवा हलवणारी यंत्रे घुमतात ती खर्जात. पहिल्या रात्री मला वाटले की आमचा फ्रिज आवाज करतो आहे, म्हणून मी उठून त्याचा प्लग काढला. आवाज तसाच राहिला. मग खिडकीच्या काचेवर बोट टेकवून पाहिले, तर काच बारीक थरथरत होती. खिडक्या घट्ट लावल्या की रस्त्याचा आवाज बाहेर राहतो, पण हा खर्जातला सूर उलट अधिक स्पष्ट होतो, कारण त्याला झाकणारे दुसरे काही उरत नाही.

मोबाइलवरच्या मापकात आकडा ३४ डेसिबलच्या पुढे गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी ३० डेसिबल सांगितले आहेत, म्हणजे फरक किरकोळ वाटावा असा. परंतु नेहमीच्या मोजणीत खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी वजन दिले जाते आणि असा आवाज अधिक असेल तर मर्यादा याहून खाली असावी, हे त्याच सूचनांत नमूद आहे. मी तक्रार केली तेव्हा रुग्णालयाचे तांत्रिक कर्मचारी घरी येऊन गेले, सौजन्याने बोलले आणि त्यांनी यंत्रांखालचे रबरी आधारही बदलले. काही आठवडे फरक पडल्यासारखे वाटले, पुन्हा तेच सुरू झाले. पत्नीला त्याचा माझ्याइतका त्रास झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झोप ज्याची त्याची असते, आणि आमचे शयनगृह नेमके यंत्रगृहासमोर होते. तेच यंत्रगृह दुसऱ्या कोपऱ्यात असते किंवा त्याला ध्वनिरोधक भिंत असती, तर कदाचित मी अजूनही तिथेच राहिलो असतो.

मागच्या बाजूबद्दल आणखी एक धाकधूक असते. दर्शनी बाजूला सहसा मुख्य रस्ता असल्याने पुढच्या टप्प्याची जागा बहुधा मागेच शोधली जाते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील नेवार्क. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयासाठी सेंट्रल वॉर्ड या दाट वस्तीतली सुमारे १५० एकर जागा मोकळी करण्याचा बेत होता. जुलै १९६७ च्या दंगलीमागे जी कारणे होती त्यांत हा रोषही होता, आणि पुढच्या वर्षी झालेल्या करारात ही जागा ६० एकरांच्या आत आणावी लागली.

अर्थात दर्शनी बाजू कायम दर्शनीच राहील, याचीही हमी नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये १९३९ पासून उभी असलेली चॅरिटी रुग्णालयाची भव्य इमारत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर पुन्हा उघडलीच नाही. जवळच्या लोअर मिड-सिटी भागात सुमारे ७० एकरांवरची घरे पाडून किंवा उचलून हलवून नवे संकुल उभारले गेले, आणि त्यातले विद्यापीठ रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झाले. जुन्या दारासमोरच्या रस्त्याला नंतर कित्येक वर्षे रिकाम्या इमारतीकडे पाहत राहावे लागले. म्हणून प्रवेशद्वार हलणार आहे का, हे दर्शनी बाजूला घर घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे.

तरीही माझा कल दर्शनी बाजूकडे आहे. इथला गोंगाट माणसांचा आहे आणि भेटीची वेळ संपली की तो ओसरतो. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ आमच्या पायरीवर बसलेले दिसले. मांडीवर फाइल, एक्स-रेचा मोठा लिफाफा पावसात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरलेला. त्यांना फोन चार्ज करून हवा होता, गावी कळवायचे राहिले होते. अशा वेळी बेल वाजल्याचा मला त्रास होत नाही. रुग्णवाहिकेच्या भोंग्यानेही मी जागा होतो, पण तो निघून जातो आणि मला पुन्हा झोप लागते, जी मागच्या घरात लागत नसे.

दर्शनी बाजूला घेताना आपत्कालीन विभागाच्या फाटकासमोरचे घर मात्र टाळावे आणि गल्लीत दोन-तीन घरे आत शिरावे. ज्यांना मागची बाजूच परवडते किंवा आवडते, त्यांनी विस्ताराच्या आराखड्यात यंत्रगृह कुठे आहे ते पाहून घ्यावे. इमारत आधीच चालू असेल तर घर ठरवण्यापूर्वी रात्री दोन-अडीचला शयनगृहात जावे, सगळ्या खिडक्या लावाव्यात, फ्रिज बंद करावा आणि काचेवर बोट टेकवून पाहावे.