सेमिनारला मॅन्टिस की रुईवरचे किडे?

भाची नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. उत्क्रांतीच्या सेमिनारसाठी तिचं दोन विषयांत अडलंय.

अभिसारी उत्क्रांती (दूरच्या नात्यातल्या जीवांत सारखंच वैशिष्ट्य स्वतंत्रपणे येणं) घेतली तर मॅन्टिस (प्रार्थना कीटक) आणि त्याच्यासारखीच दिसणारी मॅन्टिडफ्लाय. दोघांचे पुढचे पाय काटेरी, भक्ष्य पकडून मिटणारे. पण मॅन्टिस झुरळाचा नातलग, मॅन्टिडफ्लाय जाळीदार पंखांच्या लेसविंग किड्यांच्या गणातली; तिला कोषातून जावं लागतं, मॅन्टिसला नाही. पुरावा साध्या भिंगातून दिसतो, खर्च जवळपास शून्य.

समांतर उत्क्रांतीचं (जवळच्या नात्यातल्या जीवांत तोच बदल स्वतंत्रपणे होणं) उदाहरण जास्त रंगतदार. मारुतीला वाहतो त्या रुईच्या चिकात, तसंच अमेरिकेतल्या मिल्कवीड या वनस्पतीमध्ये, पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडणारं विष असतं. मोनार्क फुलपाखरू आणि तिथले काही भुंगेरे, दोघांच्याही पंपाच्या प्रथिनात १२२ व्या जागी ॲस्परजीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, तेही स्वतंत्रपणे. मात्र इतके दूरचे किडे, म्हणून काही जण यालाही अभिसारीच म्हणतात. परीक्षक इथेच धरणार! रुईवर अळ्या नागपुरातही सापडतील, पण जनुकं वाचायला लॅब हवी; नाहीतर छापील शोधनिबंधांवरच भागवायचं.

वेळ कमी आणि नमुने दाखवायचे असतील तर मॅन्टिस. रेणूजीवशास्त्रात पुढे जायचं असेल, वाद घालायची तयारी असेल, तर रुई. भाचीला मी रुईच सुचवली.